बुधवारचे दहा किलोमीटर: टेम्पो की शर्यत?

प्रश्न : मी 42 वर्षांची, एका माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. चार वर्षांपासून धावते. आठवड्याला साधारण 38 किलोमीटर होतात. 10 किमीची माझी सर्वांत चांगली वेळ 60 मिनिटं आणि हाफ मॅरेथॉनची 2 तास 14 मिनिटं. जानेवारीत मुंबईची हाफ 2:10 मध्ये करायची इच्छा आहे. आमच्या ग्रुपमध्ये दर बुधवारी 10 किमी टेम्पो, म्हणजे एकसारख्या जोरकस वेगाने धावणं, असतो. तो मी 61-62 मिनिटांत संपवते, पण शेवटचे दोन किलोमीटर कसेबसे ओढत नेते. गेले तीन महिने वेळेत काहीच फरक नाही. गुरुवारी वर्गात उभं राहवत नाही, रविवारचा लाँग रन अर्ध्यावर सोडावासा वाटतो, डावी पोटरी कायम आखडलेली असते. ग्रुपमधले अनुभवी लोक म्हणतात, हाफ करायची तर टेम्पो 10-12 किमीचा हवाच, आणि टेम्पो म्हणजे हाफचा पेस (किलोमीटरला लागणारा वेळ). मोबाइलमधला प्लॅन मात्र 20 मिनिटांचा टेम्पो दाखवतो. एवढ्याशाने काय होणार? टेम्पो नेमका कशासाठी करायचा आणि किती लांब करायचा?
— एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातले दोन आकडे शेजारी शेजारी मांडा. 10 किमीची सर्वांत चांगली वेळ 60 मिनिटं. बुधवारचा टेम्पो 61-62 मिनिटं. म्हणजे आयुष्यातल्या सर्वांत जोरकस शर्यतीपेक्षा जेमतेम दीड मिनिट मागे राहून तुम्ही तेच अंतर दर आठवड्याला पळताय, आणि तेही पहाटे उठून, शाळा गाठायच्या घाईत, अंगात आधीच्या आठवड्याचा थकवा असताना. याला टेम्पो म्हणता येणार नाही. ही दर बुधवारची शर्यत आहे. शर्यतीनंतर पळालेल्या दर तीन किलोमीटरमागे एक दिवस हलका ठेवावा, असा कोच मंडळींचा जुना ठोकताळा आहे. त्या हिशेबाने तुमचे गुरुवार, शुक्रवार, शनिवार नुसते सावरण्यातच जातात आणि रविवारी तुम्ही दमलेल्या पायांनी लाँग रनला उभ्या राहता. तीन महिने वेळ हलत नाही, याचं कारण मेहनत कमी पडते हे नाही. मेहनत मुरायला शरीराला सवडच मिळत नाही.

आता टेम्पो कशासाठी, ते आधी पाहू. लांबीचं उत्तर त्यातूनच निघतं.

आपण धावतो तेव्हा स्नायू साखरेतून ऊर्जा काढतात आणि त्यात लॅक्टेट तयार होतं. त्याला बरीच वर्षं नाहक बदनाम केलं गेलं. दुसऱ्या दिवशी पाय दुखतात ते लॅक्टेट साचल्यामुळे, असं अजूनही मैदानावर ऐकू येतं. ते खरं नाही. पळून झाल्यावर तासाभरात ते रक्तातून निघून गेलेलं असतं. उलट लॅक्टेट हे इंधन आहे. हृदय ते वापरतं, बाकीचे स्नायूही वापरतात. सावकाश पळताना जितकं तयार होतं तितकं वापरलं जातं, त्यामुळे रक्तातली पातळी फारशी हलत नाही. वेग वाढवत नेला की एक टप्पा असा येतो, जिथे तयार होण्याचा वेग वापरण्याच्या वेगाला मागे टाकतो. मग ते साचू लागतं, सोबत स्नायूंमधली आम्लता वाढते, श्वास एकदम जड होतो आणि पुढचं सगळं उसन्या वेळेवर चालतं. या टप्प्याला लॅक्टेट थ्रेशोल्ड म्हणतात. आपण इथे उंबरठा म्हणू.

सर्वसाधारणपणे हा उंबरठा म्हणजे तुम्ही शर्यतीत जास्तीत जास्त एक तास टिकवू शकाल तो वेग. अमेरिकेतले कोच आणि शरीरक्रियातज्ज्ञ जॅक डॅनियल्स यांनी ही मोजपट्टी धावणाऱ्यांमध्ये रुजवली, आणि आजही तिच्याइतकी सोपी दुसरी नाही. तुमच्या बाबतीत तर गणितही करायला नको, कारण तुमची 10 किमीची शर्यत नेमकी एका तासाची आहे. म्हणजे तुमचा उंबरठा किलोमीटरला 6 मिनिटांच्या आसपास. सरावासाठी 6:00 ते 6:10 धरा.

टेम्पोचा हेतू एकच, हा उंबरठा वर सरकवणं. त्या वेगाच्या आसपास पुरेसा वेळ घालवला की स्नायूंमधल्या मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशींमधल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भट्ट्या, वाढतात, बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं आणि लॅक्टेट एका पेशीतून दुसरीकडे नेऊन जाळण्याची क्षमता सुधारते. काही आठवड्यांनी त्याच श्वासात तुम्ही जास्त वेगाने पळता. हाफ मॅरेथॉनला याचं मोल फार मोठं, कारण दोन-सव्वादोन तासांची शर्यत आपण उंबरठ्याच्या थोडं खाली राहूनच पळतो. 2:10 साठी तुम्हाला किलोमीटरला 6:10 चा पेस लागेल. आज 6:10 तुमच्या उंबरठ्याला अगदी चिकटून आहे, म्हणून तो दोन तास टिकत नाही आणि तुम्ही 6:21 वर येता. उंबरठा 5:50 कडे सरकला, की तोच 6:10 तुम्हाला झेपू लागेल. बुधवारचं काम एवढंच आहे. शेवटी किती दम लागला, पाय किती थरथरले, याचा त्या कामाशी संबंध नाही.

ग्रुपमधल्या सल्ल्याचंही एकदा बघू. ‘टेम्पो म्हणजे हाफचा पेस’ हे वाक्य चुकीचं नाही, पण ते ज्यांना लागू आहे ते धावपटू वेगळे. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं 2020 मध्ये दिल्लीत हाफ मॅरेथॉन 60 मिनिटं 30 सेकंदांत पळून राष्ट्रीय विक्रम केला. किलोमीटरला साधारण 2:52. त्याच्यासाठी हाफ ही तासाभराचीच शर्यत आहे, त्यामुळे त्याचा हाफचा पेस आणि उंबरठ्याचा पेस एकच. तुमची हाफ सव्वादोन तासांची. तुमच्यासाठी हाफचा पेस उंबरठ्यापेक्षा किलोमीटरला 15-20 सेकंदांनी सावकाश आहे. आणि तुमचा ग्रुप तर हाफचा पेस म्हणत म्हणत तुम्हाला 6:10 ने पळवतोय. तुमच्या सध्याच्या हाफच्या पेसपेक्षा बराच जोरात.

अंतराचंही तसंच. 8 किलोमीटरचा टेम्पो साबळेसारख्या धावपटूला पंचवीस मिनिटांच्या आत-बाहेर संपतो. तुम्हाला त्याच 8 किलोमीटरला 48 मिनिटं लागतील. शरीराला किलोमीटर कळत नाहीत, त्या श्वासात किती वेळ काढला हे कळतं. म्हणून टेम्पो कायम मिनिटांत मोजा. माझं तर म्हणणं असं की पाच तासांत मॅरेथॉन करणाऱ्यापासून तीन तासांत करणाऱ्यापर्यंत सगळे ज्या ग्रुपमध्ये आहेत, तिथे किलोमीटरमधला टेम्पो लिहिणं बंदच करावं.

तर मिनिटं किती? उंबरठ्याच्या वेगाने सलग पळायचं असेल तर 20 मिनिटं हा पाया. अनुभव वाढला, आठवड्याचं अंतर वाढलं, की 30, फार तर 40. डॅनियल्स 20 वर भर देतात. अमेरिकेचे ऑलिंपिक मॅरेथॉनपटू आणि नंतर कोच झालेले पीट फित्झिंजर 20 ते 40 मिनिटांचा पल्ला देतात. त्यापलीकडे त्याच वेगाने गेलात तर ती शर्यत होते. 40 मिनिटं झाली म्हणजे 20 पेक्षा दुप्पट फायदा झाला, असं होत नाही. थकवा मात्र दुपटीहून जास्त येतो, कारण शेवटची मिनिटं साखरेचा साठा खाली गेलेला असताना, ढासळलेल्या चालीने काढलेली असतात. पोटऱ्या भरतात त्या याच मिनिटांत. दमल्यावर टाच लवकर खाली टेकते, पाऊल लांब पडतं, आणि आठवड्यामागून आठवडा तोच ताण एकाच पायावर पडत राहतो.

आणखी एक मर्यादा डॅनियल्स सांगतात. एका सत्रात उंबरठ्याच्या वेगाचं धावणं आठवड्याच्या एकूण अंतराच्या दहा टक्क्यांहून जास्त नको. तुमचे 38 किलोमीटर. दहा टक्के म्हणजे 3.8 किलोमीटर. 6:05 ने तेवढ्याला 23 मिनिटं लागतात. मोबाइलमधल्या प्लॅनने सांगितलेली 20 मिनिटं तुम्हाला ‘एवढ्याशी’ वाटली, पण तुमच्या आठवड्याला तीच शोभतात. सध्या तुम्ही याच्या अडीचपटीहून जास्त करताय.

मग लोक 10-12 किलोमीटरचे टेम्पो का सांगतात? कारण टेम्पो या नावाखाली दोन-तीन वेगळी कामं खपवली जातात. पूर्ण मॅरेथॉनची तयारी करणारे मॅरेथॉनच्या पेसने तासभर, दीड तास पळतात. त्यात शरीर चरबीतून जास्त ऊर्जा काढायला शिकतं, पळताना ऊर्जेसाठी साखरेचं जेल कधी घ्यायचं ते कळतं, शर्यतीचा पेस पायात बसतो. उत्तम सराव आहे, पण तो उंबरठ्याच्या बराच खालून चालतो आणि त्याचा हेतू निराळा. हाफच्या पेसने 30-40 मिनिटं पळणं हेही वेगळं काम, ते तुम्हाला पुढे लागणार आहे. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की लांबी वाढली की वेग उतरलाच पाहिजे. वेग उंबरठ्याचा आणि लांबी मॅरेथॉनवाल्यांची, अशी सरमिसळ तुमच्या बुधवारी झाली आहे.

20 मिनिटंही कमी वाटत असतील तर त्यांचे तुकडे करा. हे मी तुम्हाला आग्रहाने सांगेन. आठ-आठ मिनिटांचे तीन तुकडे, मध्ये दीड मिनिट अगदी हळू जॉग. एकूण 24 मिनिटं उंबरठ्यावर मिळतात आणि सलग 24 मिनिटांपेक्षा शरीर फार कमी दमतं. अमेरिकेत याला क्रूझ इंटरव्हल म्हणतात. नॉर्वेच्या धावपटूंनी याच कल्पनेवर आपलं सगळं प्रशिक्षण उभं केलंय. मारियस बाकेन या त्यांच्या जुन्या धावपटूने स्वतःच्या रक्तातलं लॅक्टेट सतत मोजून हे बसवत आणलं, आणि पुढे इंगेब्रिग्ट्सेन बंधूंमुळे ते जगभर पोचलं. यातल्या याकोबने टोकियोत 1500 मीटरचं आणि 2024 मध्ये पॅरिसमध्ये 5000 मीटरचं ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं. ही मंडळी सराव चालू असताना बोटाला टोचून रक्ताचा थेंब घेतात आणि लॅक्टेट ठरलेल्या पातळीवर चढलं की वेग कमी करतात. ऑलिंपिक विजेतासुद्धा सरावात स्वतःला आवरतो, ही गोष्ट तुमच्या ग्रुपमध्ये जरूर सांगा. मात्र मध्ये विश्रांती आहे म्हणून तुकडे जोरात पळायचे नाहीत. वेग तोच, 6:00 ते 6:10. दीड मिनिटाचा जॉग संपताना ‘अजून पळू शकते’ असं वाटायला हवं. छातीवर हात ठेवून धापा टाकत असाल तर तुकडा जोरात गेला.

तुमच्याकडे रक्त तपासायचं यंत्र नाही, नको पण. श्वास पुरेसा आहे. उंबरठ्यावर तुम्हाला शेजारच्या बाईला ‘अजून सहा मिनिटं राहिली’ एवढं एका दमात सांगता येतं, पण शाळेतला किस्सा सांगता येत नाही. किस्सा सांगता आला तर हळू, तीन शब्दही तुटत असतील तर जोरात. पावलांकडेही कान द्या. बहुतेकांचा श्वास या वेगाला दोन पावलांत आत, दोन पावलांत बाहेर असा लागतो. तो बिघडून एक पाऊल आत, एक बाहेर असा झाला, की तुम्ही उंबरठा ओलांडलात. घड्याळाकडे न बघताही हे कळतं. पहिली चार मिनिटं ‘हे फारच सोपं आहे’ असं वाटलं पाहिजे आणि संपल्यावर त्याच वेगाने आणखी पाच मिनिटं गेले असते, असं मनापासून म्हणता आलं पाहिजे.

मनगटावरच्या घड्याळातल्या हृदयाच्या ठोक्यांवर फार विसंबू नका. उंबरठ्यावर ठोके कमाल ठोक्यांच्या 88 ते 92 टक्के असतात हे खरं, पण ‘220 वजा वय’ या सूत्राने काढलेला कमाल आकडा तुमच्या बाबतीत दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकू शकतो, आणि मनगटावरचा सेन्सर कधी कधी ठोक्यांऐवजी पावलंच मोजतो. शिवाय ऑक्टोबरच्या उकाड्यात त्याच पेसला ठोके वर जातात. दमट पहाटे पेस 6:15-6:20 वर आला तरी श्वास बरोबर असेल तर सराव बरोबर आहे. पेस सोडा, श्वास धरा.

आता तुमचं पुढचं वेळापत्रक. मुंबईची शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे हातात जवळपास 14 आठवडे आहेत. पहिले दहा दिवस टेम्पो अजिबात नाही, फक्त सोपं धावणं, किलोमीटरला 7:10 ते 7:45. कंटाळा येईल, पण पोटरीला हे हवंय. याच दिवसांत पोटरीखाली नडगीचं हाड बोटाने दाबून पाहा. स्नायू भरून आलेला पसरट दुखतो. हाडावर एकाच जागी, नाण्याएवढ्या भागात टोचल्यासारखं दुखत असेल तर धावणं थांबवा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. हाडाला सूक्ष्म तडा असू शकतो आणि त्यावर पळत राहिलात तर जानेवारी हातची जाईल.

त्यानंतर दोन आठवडे सहा मिनिटांचे तीन तुकडे, पुढचे दोन आठवडे आठ मिनिटांचे तीन. मग एक हलका आठवडा. मग बारा मिनिटांचे दोन, मध्ये दोन मिनिटं जॉग. नवव्या-दहाव्या आठवड्यात सलग 20 ते 25 मिनिटं. आठवड्याचं अंतर तोवर हळूहळू 45 पर्यंत गेलेलं असेल, तर बाराव्या आठवड्यात सलग 28-30 मिनिटं चालतील. आठव्या आठवड्यापासून एक रविवार सोडून एक, लाँग रनची शेवटची 20, नंतर 30 मिनिटं 6:10 ने काढा. त्या आठवड्यात बुधवारचे तुकडे कमी करा, दोन्ही पूर्ण करायचा हट्ट नको. शेवटचा खरा टेम्पो शर्यतीच्या दहा-अकरा दिवस आधी, आणि शर्यतीच्या आठवड्यात बुधवारी फक्त पाच मिनिटांचे दोन तुकडे, पाय मोकळे राहावेत एवढ्यासाठी.

प्रत्येक बुधवारी आधी 15 मिनिटं सावकाश धावणं, मग वीस-वीस सेकंदांचे चार स्ट्राइड (मोकळ्या पायांनी छोट्या वेगवान धावा), आणि शेवटी 10 मिनिटं कूल-डाऊन. सगळं मिळून पन्नास-पंचावन्न मिनिटं. शाळेच्या वेळेत बसेल. आणि घरी आल्यावर नुसता चहा पिऊन शाळेत जाऊ नका. शेंगदाणे घातलेले पोहे आणि वाटीभर दही, किंवा दोन अंडी आणि भाकरी, काहीतरी पोटात गेलंच पाहिजे. वर्गात पाच-सहा तास उभं राहणं हाही पायांवरचा भार आहे, तो तुमच्या प्लॅनमध्ये कोणी लिहिलेला नसतो. सलग तास असतील तेव्हा मधल्या सुट्टीत दहा मिनिटं बसा, पोटऱ्या सैल सोडा.

ग्रुप सोडायची गरज नाही. त्यांना एक पद्धत सुचवा. सगळे एकाच जागेवरून निघा, एकाकडे शिटी द्या. बारा मिनिटं झाली की शिटी, जो जिथे असेल तिथून मागे फिरायचं. 24 मिनिटं होतील तेव्हा, वेग सारखा ठेवलेले सगळे, हळूवालेही आणि जोरवालेही, एकाच वेळी सुरुवातीच्या जागी पोचतात. ज्याने पहिल्या बारा मिनिटांत जोर मारला तो मागे राहतो, आणि चूक त्याची त्यालाच दिसते. कोणाला काही समजवावं लागत नाही, कोणी कोणाची वाट बघत थांबत नाही, आणि शर्यत लावायचा मोहही होत नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगतो. तीन महिने प्रगती अडलेली, सोप्या दिवशीही जड पाय, वय 42. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा) तपासून घ्या. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. रक्तात लोह कमी असेल तर उंबरठ्यावरचं कुठलंही गणित लागू पडत नाही. तुम्ही वेळापत्रक काटेकोर पाळाल आणि तरी वेळ हलणार नाही. लोहाच्या गोळ्या मात्र अहवाल न बघता, स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

सहाव्या आठवड्यानंतर, तो हलका आठवडा आटोपला की जवळपास एखादी 10 किमीची शर्यत असेल तर पळा, नसेल तर सकाळी सपाट रस्त्यावर ग्रुपसोबत वेळ लावून पळा. 60 मिनिटांच्या आत आलात, तर नव्या वेळेवरून किलोमीटरचा पेस काढा आणि बुधवारचे तुकडे त्या पेसला, किंवा त्याहून पाच-सात सेकंद सावकाश करा. वेळ तीच राहिली, तर पेसही तोच ठेवा. मला दोन्ही आकडे कळवा, वेळेचा आणि फेरिटिनचा. रविवारचा 6:10 तसाच ठेवायचा की बदलायचा, ते त्यावर ठरवू.